डी-थ्रीची संविदा नियुक्ती

मध्य प्रदेशात सरकारी नोकर वयाच्या ६२ व्या वर्षी निवृत्त होतो, असा नियम आहे. हार होतो, शाल होते, समोसे होतात, ‘आपके बिना विभाग सूना हो जाएगा’ या चालीवर चार भाषणं होतात. आणि पुढच्या सोमवारी वल्लभ भवनात कामासाठी जावं, तर तोच माणूस त्याच खुर्चीवर बसून त्याच फाइलीवर तीच हरकत काढत असतो. चौकशी केली की शिपाई सांगतो, ‘साहब की संविदा हो गई.’ संविदा म्हणजे मुदतीची नेमणूक. मुदत संपली की ती वाढते. का वाढली हे फाइलीवर कुठे नसतं. आहेत तर राहू देत, नुकसान तर काही नाही ना, एवढाच त्यामागचा प्रशासकीय विचार.

भोपाळमधल्या आम्हा मराठी घरांत जीवनसत्त्वांचा कारभार नेमका याच पद्धतीने चालतो. डॉक्टर आठ आठवड्यांसाठी डी-थ्री नेमतात. आठ आठवडे संपतात. त्या डॉक्टरांची बदली होते, मुलगी पुण्याला नोकरीला जाते, नातू चालायला लागतो. डी-थ्री आपली दर रविवारी दुधाबरोबर हजर. नेमणारा एक कुणीतरी होता. कार्यमुक्त करणारा कुणीच नाही.

तसे आम्हीही नेमणुकीच्या पत्रावरच इथे आलेले. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडचे मराठी कारकून, मास्तर, अधिकारी फाइलींच्या पेट्यांपाठोपाठ भोपाळला उतरले. मागोमाग हेवी इलेक्ट्रिकल्सचे, म्हणजे आजच्या भेलचे, इंजिनिअर आले. त्यांची मुलंही आता पेन्शनीत आहेत. सकाळी शाहपुऱ्याच्या तलावाला फेरी मारतात, चालून जेवढं जाळलं त्याहून थोडं जास्तच पोहे-जिलबीत परत कमावतात, आणि मग बटोलेबाजी (भोपाळी गप्पा) सुरू होते. पूर्वी विषय असे, कुणाची बदली झाबुआला झाली. आता विषय असतो, कुणाचा डी किती आला.

‘माझा अकरा.’

‘अकरा? मग तुम्ही ठणठणीत आहात हो. माझा सात निघाला.’

वीसच्या खाली आकडा गेला की कमतरता, हा प्रयोगशाळेचा हिशेब. पण इथे आकडा जितका खाली तितका माणूस वर. सातवाल्यांना बाकावर सरकून जागा देतात. एकदा एका नवख्या गृहस्थांनी ‘माझा अडतीस आहे, डॉक्टर म्हणाले काहीच नको’ असं सांगितलं, तेव्हा पसरलेली शांतता मी पाहिली आहे. ‘लॅब बदलून बघा,’ शेवटी कुणीतरी सहानुभूतीने म्हणालं.

खरी गंमत भूगोलाची आहे. भोपाळहून विदिशेच्या रस्त्याला लागलं की सांचीच्या अलीकडे कर्कवृत्त रस्ता ओलांडतं. तिथे पाटी आहे, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. म्हणजे जूनच्या उत्तरार्धात सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो. सूर्याने एखाद्या शहरासाठी याहून अधिक काय करायचं? पण मे महिन्यात तोच सूर्य पारा ४३-४४ वर नेतो, तेव्हा आम्ही खिडक्यांना पडदे लावून कूलरसमोर बसतो. मुली स्कूटीवर बसताना चंबळच्या वारशाला जागून डोळे सोडून सगळं बांधून घेतात. पुरुष ऑफिसातून गाडीत, गाडीतून ऑफिसात. उरलेलं ऊन आमची सावळी कातडी अडवते. तेव्हा कमतरता ही काही अफवा नाही, ती खरीच आहे. अफवा असते ती पुढची: एकदा कमी निघालं म्हणजे जन्मभर घ्यायचं.

आता साशेचा हिशेब. मोठ्या माणसाला रोज ६०० एकक डी पुरतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी सांगतात. मेडिकलमध्ये मिळते त्या साशेत किंवा कॅप्सूलमध्ये असतात ६०,०००. म्हणजे शंभर दिवसांचा शिधा एका घोटात. कमतरता भरून काढायला हे ठीक आहे. आठवड्याला एक, आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक किंवा रोजची छोटी गोळी. या वाक्यातला ‘मग डॉक्टर सांगतील तसं’ हा तुकडा पेशंटच्या कानापर्यंत पोचत नाही. मेडिकलवाला काही विचारत नाही. ‘को खां, वोई वाली?’ एवढं म्हणून तो पुडी बांधतो. डी-थ्रीची मुदतवाढ या खिडकीवर, पर्च्याशिवाय, चहा न पाजता होते. वल्लभ भवनात एवढ्या वेगाने काम झालेलं कुणाच्या ऐकिवात नाही.

त्यात ते गोळ्यांचे डबे आले. सात खणांचे, प्रत्येक खणावर वाराचं इंग्रजी आद्याक्षर: एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. ज्याने हा डबा काढला त्याच्या लक्षात आलं नसेल की जगात टी दोन आहेत आणि एसही दोन आहेत. आमच्या भेलवाल्या काकांची रविवारची साशे काकू एस या खणात ठेवत. कुठल्या एसमध्ये, यावर दोघांचे मतभेद होते. काका शनिवारचा एस उघडत, काकू रविवारच्या एसमध्ये आठवणीने दुसरी ठेवत. असा दुहेरी कारभार बरेच महिने चालला. काका रिटायर्ड इंजिनिअर, क्वालिटी कंट्रोलचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात मिलिमीटरच्या चुका काढलेल्या.

हे हसण्यावारी न्यावं असं नाही. आठवड्याची साशे रोज घेत बसलेले पेशंट भारतातल्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवले आहेत. कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत मुरतात. जास्त झालं म्हणून सकाळी निघून जात नाहीत, महिनोन् महिने ठाण मांडतात. डी फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. मग तहान फार लागते, लघवीला सारखं जावं लागतं, पोट साफ होत नाही, भूक मरते, मुतखडा होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होते. आणि थकवा येतो. इथे सगळा घोळ आहे. थकवा आला की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘डी घेताय ना नियमित?’

ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर एक प्रयोग झाला होता. २०१० मध्ये त्याचा निकाल आला. निम्म्या जणींना वर्षातून एकदाच डीचे पाच लाख एकक दिले. हाडं मजबूत होतील, पडझड थांबेल, असा हेतू. त्या बायका न घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. हा निकाल मी काकूंना सांगितला. त्या म्हणाल्या, ‘बरोबरच आहे. ताकद आली असेल, फिरायला लागल्या असतील जास्त.’ गंमत म्हणजे काही तज्ज्ञांनाही ही शंका आली होती. काकू मात्र त्या प्रयोगाबद्दल तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होत्या.

ताकद. भोपाळला हा शब्द नवा नाही. बेगमांच्या काळापासून हे हकिमांचं शहर. शाहजहाँ बेगमने १८८९ मध्ये बायकांसाठी ‘तहजीब-उन-निस्वान’ नावाचं भलंथोरलं पुस्तक लिहिलं, त्यात घरगुती औषधोपचारही आहेत. आजही इथे सरकारी युनानी कॉलेज आहे, आयुर्वेदाचं आहे, आणि साकेत नगरला एम्स आहे. तीन पॅथींची सरकारी सोय असलेल्या गावात माणूस अशक्त राहतो कसा, हाच खरा संशोधनाचा विषय. जुन्या शहरातले एक स्नेही सांगतात की त्यांच्या आजोबांना हकीमसाहेब माजून नावाचा औषधी पाक देत तेव्हा बजावून सांगत, चाळीस दिवस, एकेचाळिसावा नाही. हकीमसाहेबांना मुदत कळत होती.

आमच्या घरांतला दुसरा गोड गैरसमज डब्यावरच छापलेला असतो. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पूरक आहाराच्या बाटलीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं लिहावं लागतं. नियम करणाऱ्यांचा हेतू असा की लोकांनी याला औषध समजू नये. लोकांनी तो आदेश अक्षरशः पाळला. माझ्या मावशीला डॉक्टरांनी विचारलं, ‘औषधं काय काय चालू आहेत?’ मावशी म्हणाली, ‘एकही नाही. मला गोळ्यांचा तिटकारा आहे.’ मग पर्समधून पुरावा म्हणून एक पिशवी काढली: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम (डीसहित), डी (कॅल्शियमशिवाय), बी-कॉम्प्लेक्स, नसांची गोळी (म्हणजे पुन्हा बी), केसांसाठी बायोटिन आणि डोळ्यांसाठी काहीतरी नारिंगी. ‘ही आपली अशीच,’ ती म्हणाली.

त्यातलं बी-कॉम्प्लेक्स मावशीचं लाडकं, कारण ते लगेच दिसतं. लघवी हळदीसारखी पिवळी झाली की गोळी लागू पडली, अशी तिची खात्री. तो रंग बी-टू म्हणजे रायबोफ्लेविनचा; शरीराला नको होतं तेवढं त्याने परत केलं, एवढाच त्याचा अर्थ. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा हा सभ्यपणा. पण सगळीच सभ्य नाहीत. बी-सिक्सचं उदाहरण घ्या. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही पेशंट नोंदवले, महिनोन् महिने रोज ग्रॅमच्या हिशेबात बी-सिक्स घेणारे; त्यांच्या हातापायांची संवेदना गेली, चाल डळमळली. पुढे याहून पुष्कळ कमी मात्रेतही, घेणं लांबलं तर, त्रास होऊ शकतो असं दिसत गेलं. युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्या माणसासाठी रोज १२ मिलिग्रॅम ही वरची सीमा घातली. आता बी-सिक्स जास्त झाल्याचं लक्षण काय? पायाला मुंग्या. आणि पायाला मुंग्या आल्या की आपण काय घेतो? मेडिकलवाल्याला विचारा, त्याचा हात आधीच त्या खणाकडे गेलेला असेल.

बायोटिनची कथा वेगळी. ते शरीराचं फारसं बिघडवत नाही, रिपोर्टचं बिघडवतं. मोठ्या मात्रेत घेतलं तर काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं. थायरॉइड नसताना थायरॉइड दाखवतं, आणि हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडा खोटाच कमी दाखवू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये यावर इशारा दिला. लग्न ठरलेल्या आमच्या एका भाचीचा थायरॉइडचा रिपोर्ट असाच वेडावाकडा आला, घरात दोन दिवस सुतक पाळल्यासारखं वातावरण. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला एवढंच विचारलं, ‘केसांसाठी काय खातेस?’ लग्न वेळेवर झालं. केस ब्युटी पार्लरने उभे केले.

आणि आमचे सिगारेटवाले भाऊजी. जुन्या भोपाळच्या पटियांवर गप्पांत रात्र रात्र काढलेला माणूस. ‘मी ओढतो, पण वरून अँटिऑक्सिडंट घेतो,’ हा त्यांचा ताळेबंद. त्यांना कुणी फिनलंडबद्दल सांगितलेलं नाही. तिथे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षं प्रयोग झाला, काहींना बीटा-कॅरोटिन दिलं. अपेक्षा होती फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटिनवाल्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. गाजर खा म्हणणाऱ्या आयांचं काही चुकलं नव्हतं. गाजर वेगळं आणि गाजराचा रंग काढून कॅप्सूलमध्ये भरलेला वेगळा. ई जीवनसत्त्वाचंही तेच. अमेरिका आणि कॅनडात ३५,५३३ पुरुषांवरच्या प्रयोगात रोज ४०० एकक ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. तो निकाल २०११ चा. आपल्याकडे ४०० ची ती हिरवी कॅप्सूल घराघरात असते. सुदैवाने बहुतेक घरांत बायका ती टाचणीने फोडून तोंडाला लावतात.

इतकं वाचून कुणी सगळेच डबे कचऱ्यात टाकायला उठला असेल, तर त्याने खाली बसावं. बी-ट्वेल्व्हला हात लावायचा नाही. शाकाहारी मराठी माणसाच्या घरात ही एकच जागा कायमस्वरूपी मंजूर आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांत बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. ते मिळतं प्राण्यांकडून. दूध-दह्यातून थोडं येतं, वरण-भातातून शून्य. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी कमी शोषलं जातं. आणि जास्त घेतल्याने विषबाधा होते असं दिसलेलं नाही, त्यामुळे त्याला वरची सीमाही ठरवलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मुकाट्याने घ्यावं. पण आमच्या कट्ट्यावर बी-ट्वेल्व्हला मान नाही. स्वस्त असतं, आणि त्याच्या आकड्यावर डीइतकी चर्चा रंगत नाही.

फॉलिक ॲसिडची गोष्ट तर आपल्या मुंबईतच सुरू झाली. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का घटतं हे शोधायला. औषध सापडलं ते मार्माइटमध्ये. यीस्टचा काळा, खारट अर्क, विलायतेत पावाला लावून खातात तो. १९३१ मध्ये तिने हे छापलं. त्या अर्कात होतं ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. गर्भारपणाआधी आणि पहिल्या महिन्यांत ते घ्यायलाच हवं, बाळाच्या मेंदूचा आणि कण्याचा प्रश्न असतो. तिथे चेष्टा नाही. मात्र पुण्याच्याच त्या गटाने सहा खेड्यांतल्या माता आणि मुलं वर्षानुवर्षं तपासली आणि २००८ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट मांडली: ज्या आयांच्या रक्तात फॉलेट भरपूर पण बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. एकाची जागा भरली आणि शेजारची रिकामी ठेवली तर कामाचं काय होतं, हे संचालनालयात आयुष्य काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. तरी सांगावं लागतं.

मल्टिव्हिटॅमिनचं काय, हा प्रश्न उरतोच. २०२४ मध्ये अमेरिकेत जवळपास चार लाख निरोगी लोकांच्या वीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले, असं काही आढळलं नाही. माझ्या मते हा प्रकार खात्यातल्या त्या बाबूचा आहे, जो कामही करत नाही आणि कुणाचं काम अडवतही नाही. त्याच साली तिकडच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांनी आणखी एक सांगितलं: निरोगी मोठ्या माणसांनी डीची तपासणी उगाच करत बसू नये. हे मी कट्ट्यावर सांगितलं नाही. लोकांकडे बोलायला काहीतरी हवं.

भेलवाल्या काकांचा मात्र निकाल लागला. तहान फार लागते म्हणून ते साखर तपासायला गेले. साखर ठीक, कॅल्शियम चढलेलं. डॉक्टरांनी पिशवी मागवली. काकांनी पिशवीबरोबर तक्ताही नेला, स्वतःच आखलेला: दोन एसमधल्या दोन साशे म्हणजे आठवड्याला एक लाख वीस हजार, म्हणजे रोजचे सतरा हजारांवर; त्यात कॅल्शियमच्या गोळीतलं, मल्टिव्हिटॅमिनमधलं, दुधाच्या आणि तेलाच्या पाकिटावरच्या निळ्या ‘एफ’मधलं. खाली लाल रेघ मारून लिहिलं होतं: सुरक्षित कमाल ४,०००. डॉक्टर तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिले. ‘हे सगळं तुम्हाला माहीत होतं?’ काका म्हणाले, ‘बेरीज काल केली.’ सगळं बंद झालं, पाणी भरपूर सांगितलं, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं ठरलं.

आता प्रश्न उरलेल्या साठ्याचा. टाकून द्यायचं कसं? तारीख पुढच्या मार्चपर्यंतची. काकूंनी सगळी पाकिटं रबर बँड लावून इटारसीला बहिणीकडे पाठवली, वर चिठ्ठी: ‘आमच्याकडे आता लागत नाहीत, तुमच्या ह्यांना द्या, ताकदीच्या आहेत.’ इटारसी काही लांब नाही. चार दिवसांनी भाचा आला, आईने दिलेला डबा घेऊन. वर चकल्या. चकल्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, ई-च्या हिरव्या कॅप्सूल, पुरी दोन पाकिटं. काकांच्या साडूंचा निरोप होता की आमच्या डॉक्टरांनी बंद केल्या, म्हटलं भाऊसाहेबांना तरी उपयोगी पडतील.

काकूंनी पाकिटं काकांच्या हातातून काढून घेतली आणि टाचणी शोधायला आत गेल्या.